मिठाचं भावंड

दहावीच्या विज्ञानात आवर्ती वर्गीकरणाच्या धड्यात डोबेरायनरची त्रिकं येतात. लिथियम, सोडियम, पोटॅशियम. फळ्यावर मी तीन चौकटी काढते आणि प्रत्येकीत अणुवस्तुमान लिहिते: ६.९, २३, ३९.१. पहिल्याची आणि तिसऱ्याची बेरीज करा, दोनानं भागा. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, "तेवीस, मॅडम!" वर्गाला दरवर्षी तेवढ्यापुरतं नवल वाटतं. मग मी सांगते, हे तिघं गुणांनी इतके सारखे की जणू एका घरातली भावंडं. म्हणून त्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं त्यांना एका ओळीत बसवलं. लिथियम कुठं असतं विचारलं की आता सगळी पोरं एका सुरात म्हणतात, मोबाइलच्या बॅटरीत. ज्यांचे वडील कुरकुंभला किंवा रांजणगावला कंपनीत आहेत, ती गाड्यांच्या बॅटऱ्यांचंही सांगतात. २०२३ साली जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात लिथियमचे साठे असल्याची बातमी आली, तेव्हा एकानं कात्रण आणून वर्गातल्या फलकावर चिकटवलं होतं.

आणखी कुठं असतं, हे मी विचारत नाही. लिहिताना माझा हात किंचित थरथरतो, काना जरा वाकडा येतो, आणि त्या थरथरीचं कारण पहिल्याच चौकटीत लिहिलेलं असतं.

मला बायपोलर आहे. डॉक्टर समजावताना हवेत बोटानं चढ-उताराची रेघ काढतात. ज्याचा चढ चालू असतो त्याला रेघबिघ काही दिसत नाही. चढाच्या दिवसांत मी रात्री दोन वाजता शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांसाठी तीन रंगांत नव्या चिठ्ठ्या लिहीत बसले होते, आणि पहाटे नवऱ्याला उठवून गुऱ्हाळ विकत घ्यायचा हिशेब मांडला होता. तो हिशेब मला इतका स्वच्छ दिसत होता की त्याला जांभई कशी येऊ शकते याचाच राग आला. उताराच्या दिवसांत वेणी घालायला हात वर जायचा नाही. दारावरून उसाच्या ट्रॉल्या पाटसच्या कारखान्याकडे जायच्या, मोठ्यानं गाणी लावून, आणि वाटायचं, ही माणसं एवढा खटाटोप कशासाठी करतात. याहून जास्त त्यावर लिहीत नाही. आजारावर लिहिणारे पुष्कळ आहेत. गोळी घेऊन रोजचं जगणं कसं चालतं यावर कुणी फारसं लिहीत नाही, कारण त्यात नाट्य नाही. मला त्यातच रस आहे.

लिथियम कार्बोनेट. पांढरी गोळी, रात्री जेवणानंतर. औषध इतकं स्वस्त की तालुक्याच्या मेडिकलवाल्याला ठेवण्यात काही सुटत नाही. म्हणून पट्टी संपायच्या बऱ्याच आधी सांगून ठेवावं लागतं. बहुतेक औषधं यकृतात मोडतात. हे मोडत नाही. मूलद्रव्यच ते, मोडून काय होणार? जसं आत गेलं तसंच लघवीवाटे बाहेर येतं. सगळी भिस्त मूत्रपिंडावर. आणि मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम यांतला फरक नीट कळत नाही. डोबेरायनरला जो सारखेपणा दिसला, तोच त्यालाही दिसतो. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की ते सोडियम वाचवायला लागतं आणि त्या घाईत लिथियमही धरून ठेवतं. गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण चढत जातं. उलट मीठ एकदम वाढवलं तर लिथियम वाहून जातं आणि जुनं दुखणं दारात उभं राहतं. सगळा खेळ फार अरुंद पट्टीतला: लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल असलं तर औषध, १.५च्या पुढं गेलं की विष.

पुस्तकात हे ठीक आहे. माझं मूत्रपिंड मात्र दौंड तालुक्यात राहतं.

माझं माहेर शिरूर तालुक्यात न्हावऱ्याकडचं आणि सासर वरवंडजवळ. मधे भीमा. मे महिन्यात न्हावऱ्याहून पारगाव, केडगाव करत चौफुल्याला स्कूटीवर यायचं म्हणजे भीमेच्या पुलावरचा वारासुद्धा तव्यावरून आल्यासारखा लागतो. घरी येऊन ब्लाउज उन्हात टाकला की पाठीवर पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात, बेटांच्या किनाऱ्यासारख्या वेड्यावाकड्या. ते माझ्या अंगातलं मीठ. सासूबाईंना ते धुवायचं दिसतं, मला त्यात रक्ताचा रिपोर्ट दिसतो. मग तांब्याभर पाणी, वर चवीपुरतं मीठ घातलेलं ताक. चवीपुरतंच, घाबरून मुठीनं घालायचं नाही. या गोळीला एकच आवडतं: आज जेवढं, उद्या तेवढंच.

पाणी जास्त प्यायचं तर पुढची अडचण येते, आणि ती बायकांना सांगायला नको. आमच्या भागातल्या कितीतरी शाळांत बाईमाणूस सकाळी घोटभर पाणी पिऊन येतं आणि घरी जाईपर्यंत ओठ मिटून असतं, कारण स्वच्छतागृहाचं दार लागत नाही, नाहीतर नळाला पाणी नसतं. लिथियमनं तहान वाढते, लघवीही वाढते. मी मुख्याध्यापकांना सांगून टाकलं की तास संपायची वाट मी बघणार नाही. ते लाजले, मी नाही.

या गोळीचा इतिहासही मिठाभोवतीच फिरतो. जॉन केड हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत होता. सुटून आल्यावर मेलबर्नजवळ बंडूरा इथल्या मनोरुग्णालयात तो काम करू लागला. गिनीपिगांना लिथियमचे क्षार टोचल्यावर ते शांत पडतात असं त्याला दिसलं. आधी त्यानं ते स्वतः घेऊन पाहिलं, मग मार्च १९४८मध्ये पन्नाशीतल्या एका माणसाला दिलं, जो पाच वर्षं सतत उन्मादात होता. काही महिन्यांत तो माणूस घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. गोष्ट इथं थांबवली तर गोड आहे, आणि बहुतेक जण इथंच थांबवतात. पुढं त्यानं गोळ्या सोडल्या, पुन्हा भरती झाला, पुन्हा लिथियम सुरू झालं, आणि १९५०मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं तो गेला. रक्तात ते किती आहे हे मोजायची सोय केडच्या हाताशी नव्हती. ती नंतर मेलबर्नच्याच संशोधकांनी बसवली: नमुना ज्योतीत धरायचा आणि रंगाची तीव्रता मोजायची. सोडियमची ज्योत पिवळी, लिथियमची किरमिजी. मूत्रपिंड फसतं, ज्योत फसत नाही.

केडचा लेख १९४९चा. त्याच वर्षी अमेरिकेत हृदयरोग्यांसाठी मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरलेली पर्यायी मिठं विकली जात होती. मीठ तोडलेल्या माणसांच्याच ताटात लिथियम! काही जण दगावले, ती मिठं बाजारातून उचलली गेली, आणि लिथियमचं नाव इतकं खराब झालं की डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी १९५४पासून अभ्यास करून त्याचा उपयोग दाखवत राहूनही अमेरिकेत औषध म्हणून परवानगी मिळायला १९७० उजाडलं.

मी हे सगळं वाचलं तेव्हा मला परदेश आठवला नाही, आमची आळी आठवली. कंबर धरली की गावातल्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. अंग दुखलं की मेडिकलमधून सुटी कॉम्बिफ्लाम. बीपी निघालं की "मीठ बंद करा" आणि लघवीवाटे पाणी काढणारी गोळी. यांतली एकेक गोष्ट लिथियमचं प्रमाण वर ढकलते. तापाला, दुखण्याला साधी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, पण आमच्याकडे ती गोळी म्हणजे औषध दिल्यासारखंच वाटत नाही कुणाला. यात डॉक्टरचा दोष काढायला मी तयार नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: या औषधात सर्वांत घातक मिसळतं ते गुपित. बाकी धोके मोजता येतात, टाळता येतात. गुपित मात्र प्रत्येक धोक्याला दार उघडून देतं.

आणि गुपित ठेवायची कारणं खोटी नाहीत. शिरूरहून पुण्याला जाणारी एसटी नगर रस्त्यानं येरवड्यावरूनच जाते, जिथं मनोरुग्णालय आहे. लहानपणी कंडक्टरनं "येरवडा" पुकारलं की गाडीत कुणीतरी शेजाऱ्याला कोपरानं ढोसून म्हणायचं, "उतर की, तुझं ठिकाण आलं." सगळे हसायचे, मीही. त्या हसण्यात वाढलेली माणसं गोळ्यांची पट्टी बांगड्यांच्या डब्यात, तांदळाच्या कणगीत, देव्हाऱ्यामागं ठेवणारच. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर विचारूच नका. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. ते आजाराच्या स्वरूपावर अवलंबून आहे ही पुढची ओळ कुणी वाचत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराचा हक्क दिला, विमा कंपन्यांना शरीराच्या आजारांसारखंच संरक्षण द्यायला सांगितलं, आणि आता १४४१६ हा टेलि-मानसचा नंबरही आहे. पण कायदा काही सोयरीक जुळवायला येत नाही.

निम्हान्सनं २०१५-१६मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर दोनशे प्रौढांत साधारण एकाला कधी ना कधी बायपोलर झाल्याचं आढळलं, आणि ज्यांना आजार होता त्यांतले सत्तर टक्के उपचाराविना होते. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. पण दौंडच्या बाजारात दोनशे माणसं मोजायला कितीसा वेळ लागतो?

आमच्या घरात गुपित फुटलं ते हरितालिकेला. लग्नानंतर सासूबाईंबरोबर मी ते व्रत धरायचे, पाण्याचा थेंब न घेता. लिथियम सुरू झालं त्या भाद्रपदात नवऱ्यानं आईला समोर बसवून सगळं सांगितलं. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "देवीला काय कळत नाही व्हय? तू पाणी पी, जेव वेळच्या वेळी. तुझ्या वाटचा उपास मी करते." तेव्हापासून त्या माझ्यापेक्षा कडक झाल्या आहेत. एका चातुर्मासात मी चहा सोडते म्हटलं. घरादाराला वाटलं, यात काय बिघडतं? खरं तर चहातल्या कॅफिनमुळं लिथियम जरा जास्त बाहेर टाकलं जातं. रोज पाच कप पिणाऱ्यानं एकदम शून्यावर यायचं म्हणजे प्रमाण वर सरकायचं. डॉक्टरांनी हे सांगितलं मात्र, सासूबाई रोज सकाळी कप हातात आणून देऊ लागल्या, आणि तो संपेपर्यंत समोर उभ्या.

गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. उलट्या-जुलाब लागले तर गोळी तशीच रेटायची नाही, लगेच डॉक्टरांना फोन करायचा. बरं वाटतंय म्हणून एकदम बंद तर मुळीच करायची नाही. परतणारा चढ पहिल्याहून मोठा असू शकतो. हे स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला नवऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे, गॅसच्या नंबराखाली. आणि प्रत्येक गोळीचे नियम वेगळे. सोडियम व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बाईला दिवस राहिले तर दहांतल्या साधारण एका बाळात जन्मजात दोष दिसतो. तरुण मुलीच्या हातात ती पट्टी देताना हे तोंड उघडून सांगायला हवं. लॅमोट्रिजिनवर अंगावर पुरळ उठलं तर उष्णतेचं आहे म्हणून सब्जाचं पाणी पीत बसायचं नसतं.

रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. म्हणजे नऊला गोळी, तर सकाळी नऊला लॅबमध्ये, सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. दौंडच्या लॅबमधला मुलगा माझा जुना विद्यार्थी. पहिल्यांदा त्यानं हिरव्या टोपणाची नळी उचलली, तेव्हा मी त्याचा हात धरला. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपारिन असतं, आणि ते पुष्कळदा लिथियमचंच हेपारिन असतं. त्यात रक्त घेतलं तर रिपोर्ट उगाच वर जातो. त्यानं नळीवरची बारीक अक्षरं वाचली, मग माझ्याकडं बघितलं. "मॅडम, परीक्षेत कधी विचारलं नाही हे तुम्ही." आता मी गेले की तो न सांगता लाल टोपणाची काढतो आणि थायरॉइड आणि क्रिएटिनिन या वेळी आहे का, हेही विचारतो, कारण लिथियम वर्षानुवर्षं घेणाऱ्याच्या त्या दोन गोष्टींवर डोळा ठेवावा लागतो. संध्याकाळी मोबाइलवर आकडा येतो. बहुतेक वेळा पॉइंट सात.

आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी लोणी काळभोर, यवत करत वरवंडला मुक्कामाला येते. यवतला पिठलं-भाकरी होते, आमच्याकडे ज्याला जे जमेल ते. दरवर्षी परभणीकडची एक दिंडी आमच्या अंगणात उतरते. पाऊस लांबला असेल तर वारकऱ्यांच्या टाचा तापलेल्या डांबरानं सोललेल्या असतात. रस्त्यात जागोजागी औषधांचे तंबू, मलम, आणि कागदाच्या पुडीत बांधलेल्या दुखऱ्या पायांच्या गोळ्या, मागाल तेवढ्या. ज्यांनी ते तंबू टाकले त्यांचे उपकारच आहेत.

एका वर्षी दिंडीतल्या पंचावन्नेक वर्षांच्या बाईंना मी चहा दिला. कप बशीवर वाजायला लागला. नुसती बारीक थरथर नव्हती ती, मनगटापासून हात उडत होता. बशी खाली ठेवायची म्हणून त्यांनी बटव्यातलं सामान बाजूला केलं: तुळशीची माळ, सुट्टे पैसे, तंबूतली कागदाची पुडी, आणि एक कापलेली चंदेरी पट्टी. तिच्यावरची अक्षरं मला लांबूनही वाचता आली.

"माउली, ही गोळी कशाची?"

"झोपंची हाय, बाई."

मी माझी पट्टी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरून बघितल्या, उलटून बघितल्या. मग आवाज खाली करून सांगायला लागल्या. पाणी कमी पितात, कारण हजारो माणसांत बाईनं आडोसा शोधायचा कुठं. पायाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ. एकादशी निर्जळी झालेली. दोनदा उलटी झाली, पाय लटपटतात, "पण ते चालून हो." मुलानं बजावलंय, दिंडीत कुणाला बोलायचं नाही.

एकेक करून सगळंच जमून आलं होतं. नवऱ्यानं गाडी काढली. दवाखान्यात त्यांनी आपल्या तोंडानं गोळीचं नाव सांगितलं, आणि पुढचं सोपं झालं: दुखण्याच्या गोळ्या बंद, लिथियम थांबवलं, सलाइन, रक्त दौंडला. आकडा दीडच्या जरासा खाली होता. डॉक्टरांनी परभणीच्या त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून गोळी कधी आणि किती सुरू करायची ते ठरवलं. मुलाला मी फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, "तुम्ही कुणाला सांगितलं तर नाही ना?" दुसरा, "आई जेवली का?" मला त्याचा राग आला नाही. दोन्ही प्रश्न मायेतूनच आलेले होते, फक्त क्रम चुकला होता.

दिंडी पाटसहून रोटीचा घाट चढून उंडवडीकडं गेली. बाई आमच्याकडं राहिल्या, सासूबाईंच्या खाटेशेजारी. त्या दोघींनी रात्री काय बोलणं केलं मला माहीत नाही. सकाळी एवढंच कळलं की परत दिंडीत जायचं, आणि विणेकऱ्यांना स्वतः सांगायचं. हात थांबला, चाल सरळ झाली, डॉक्टरांनी हो म्हटलं, मग नवऱ्यानं त्यांना इंदापूरला नेऊन सोडलं.

त्याच संध्याकाळी फोन आला. "बाई, वाटंत लोक ताक वाटाय लागल्यात. चालंल का?"

"चालेल की. मीठ असतं का त्यात?"

"असतंय थोडं."

"मग प्या."

पलीकडं फोन कुणीतरी घेतला. विणेकरी महाराज होते. "मॅडम, त्या गोळीचं नाव जरा सावकाश सांगा. दिंडीच्या वहीत लिहून ठेवतो. साखरेची माणसं आहेत तिघं, दम्याचं एक, त्यांच्याखालीच लिहितो." मी एकेक अक्षर सांगत गेले. ते म्हणाले, थांबा, पेन उठत नाही. मग दुसरं पेन मिळालं.